पाळणाघर ते अंगणवाडी : महाराष्ट्रातील बालसंगोपन केंद्रे आणि बालकांच्या आजारांचे प्रतिबंधन (इ.स. १९२१ ते २०२२) - एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

आई कामावर असताना मुलांना सांभाळणाऱ्या केंद्रांचा महाराष्ट्रातील इतिहास सुमारे एका शतकाचा आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांतील पाळणाघरे, बोर्डी-कोसबाड येथील अंगणवाडी, बांधकामाच्या जागेवरील फिरती पाळणाघरे आणि एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडी हे या इतिहासाचे चार प्रमुख टप्पे होत. प्रस्तुत शोधनिबंधात या चारही टप्प्यांवर मुलांचे आजार टाळण्यासाठी व हाताळण्यासाठी कोणती व्यवस्था उभी राहिली, याचा आढावा घेतला आहे. कायद्याने आणि शासनाने खोली, पाणी, दूध, लस व वजनकाटा यांची तरतूद क्रमाक्रमाने केली. परंतु मुलाचा आजार सर्वप्रथम ओळखणाऱ्या स्त्रीचे, म्हणजेच आया, बालसेविका किंवा अंगणवाडी सेविकेचे स्थान प्रत्येक टप्प्यावर दुय्यम राहिले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : पाळणाघर, अंगणवाडी, बालआरोग्य, गिरणी कामगार स्त्रिया, संसर्गजन्य आजार, अंगणवाडी सेविका.

१. प्रस्तावना

लहान मुलांना एकत्र सांभाळण्याची संस्थात्मक कल्पना औद्योगिक क्रांतीतून जन्मास आली. पॅरिसमध्ये फिर्मां मार्बो यांनी १८४४ मध्ये कष्टकरी स्त्रियांच्या तान्ह्या मुलांसाठी पहिले पाळणाघर सुरू केले. आईने कामावर जावे आणि मूल सुरक्षित राहावे, एवढाच त्यामागील साधा हेतू होता. परंतु पाळणाघरांबरोबरच एक जुना प्रश्नही नव्या स्वरूपात समोर आला. घरी एकटे टाकलेले मूल उपासमार, अपघात आणि दुर्लक्ष यांना बळी पडते. पाळणाघरात आणलेले मूल या संकटांतून वाचते, पण एका मुलाचा गोवर, डांग्या खोकला किंवा हगवण दहा मुलांपर्यंत पोहोचण्याचा मार्गही तेथेच तयार होतो. म्हणूनच आजारी मुलास प्रवेश देऊ नये, हा नियम पाळणाघरांच्या इतिहासात अगदी आरंभापासून दिसतो.

हा नियम वरकरणी निर्विवाद वाटतो. मात्र रोजंदारीवर जगणाऱ्या आईच्या बाजूने पाहिल्यास त्याचा अर्थ बदलतो. आजारी मूल परत पाठविले की आईची मजुरी बुडते. मजुरी बुडू नये म्हणून ती त्या मुलाला सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हवाली करते, किंवा आजार लपवून त्याला पुन्हा पाळणाघरात आणते. पहिल्या प्रकारात आजार वाढतो, दुसऱ्या प्रकारात तो पसरतो. म्हणजे बालसंगोपन केंद्रातील आजाराचा प्रश्न केवळ वैद्यकीय नसून तो मजुरी, वेळ आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीचे कौशल्य यांच्याशी जोडलेला आहे.

महाराष्ट्रातील स्त्री-कामगारांचा, तसेच पूर्वप्राथमिक शिक्षणाचा इतिहास मराठीत बऱ्यापैकी लिहिला गेला आहे. परंतु हे दोन प्रवाह जेथे एकत्र येतात, त्या पाळणाघरातील आणि अंगणवाडीतील मुलाच्या प्रकृतीकडे इतिहासाच्या अंगाने फारसे पाहिले जात नाही. प्रस्तुत निबंधात त्या दिशेने प्रयत्न केला आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) महाराष्ट्रातील बालसंगोपन केंद्रांच्या विकासाचे प्रमुख टप्पे स्पष्ट करणे.

२) प्रत्येक टप्प्यावर मुलांच्या आजारांचे प्रतिबंधन व उपचार यांसाठी केलेल्या तरतुदींचा शोध घेणे.

३) या तरतुदींत मुलांना प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या स्त्रीचे स्थान काय होते, हे तपासणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कामगार कायदे, शासकीय योजना आणि बालशिक्षण व बालआरोग्य या क्षेत्रांतील प्रकाशित साहित्य यांचा आधार घेतला आहे. अभ्यासाचा आरंभ १९२१ पासून धरला आहे, कारण त्या सुमारास मुंबईतील कामगार स्त्रियांच्या प्रसूती व बालसंगोपनविषयक परिस्थितीची शासकीय पातळीवर प्रथमच पद्धतशीर चौकशी झाली.

३. गिरणगाव : अफूची गोळी आणि पाळणाघर

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून आलेल्या या स्त्रिया मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत काम करीत. १९२२ च्या कारखाना कायद्यातील दुरुस्तीने कामाचे तास आठवड्याला ६० आणि दिवसाला ११ असे मर्यादित केले. मर्यादित केलेले तासच एवढे असल्यावर तान्ह्या मुलाच्या आईसमोर दिवसभर मूल कोठे ठेवावे, हा प्रश्न उभा राहणे अटळ होते. गावाकडे आजी, नणंद किंवा जाऊ यांच्यावर मूल सोपविता येई. चाळीतील एका खोलीच्या संसारात तो आधार बहुधा नसे.

मुंबई सरकारने या परिस्थितीची पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांची नियुक्ती केली. त्यांचा अहवाल १९२२ मध्ये सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एक निरीक्षण पुढे अनेक अभ्यासकांनी उद्धृत केले आहे : पाहणीतील कामगार स्त्रियांच्या सुमारे ९८ टक्के तान्ह्या मुलांना अफू दिली जात असे. 'बाळागोळी' या नावाने ओळखली जाणारी ही गोळी स्वस्त होती आणि सहज मिळे. ती दिली की मूल दिवसभर निपचित पडून राही.

या प्रथेचा विचार अनेकदा कामगार स्त्रियांचे अज्ञान म्हणून केला गेला. परंतु गोळी देणारी आई मुलाचे वाईट चिंतीत नव्हती. अकरा तास गैरहजर राहणाऱ्या आईच्या हाती दुसरे साधन नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. आरोग्याच्या दृष्टीने मात्र तिचे परिणाम गंभीर होते. गुंगीत पडलेले मूल भूक लागली तरी रडत नाही, त्यामुळे त्याचे पोषण घटते. ताप चढला किंवा हगवण लागली तरी ते कुरकुर करीत नाही, त्यामुळे आजार उशिरा लक्षात येतो. रडणे हे तान्ह्या मुलाच्या आजाराचे पहिले लक्षण होय आणि अफूने नेमके तेच लक्षण दाबले जाई.

१९२१ मध्ये मुंबई शहरातील नोंदलेला बालमृत्युदर दर हजार जन्मांमागे ६०० हून अधिक होता. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात आणि मूल घेऊन शहरात परतत. त्यामुळे जन्माची नोंद गावी व मृत्यूची नोंद शहरात होऊन हा आकडा फुगत असे, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. तरीही एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांतील बालमृत्यूंचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त होते, याविषयी तत्कालीन निरीक्षकांत दुमत नव्हते. देवीची लस काढण्याची सक्ती मुंबई शहरात १८७७ च्या कायद्यानेच झाली होती. तथापि हगवण, खोकला, न्यूमोनिया, खरूज, डोळे येणे यांसारख्या नित्याच्या आजारांवर त्या काळी लस नव्हती. त्यांचे प्रतिबंधन स्वच्छ पाणी, अंगावरचे दूध, मोकळी हवा आणि मुलावरील नजर यांवरच अवलंबून होते.

या पार्श्वभूमीवर काही मोजक्या गिरण्यांनी पाळणाघरे सुरू केली. तेथे अफू न देता मूल सांभाळले जाई, सुटीत येऊन आईला दूध पाजता येई आणि मुलांच्या अंगावर स्वच्छ कपडे असत. मात्र पाळणाघर असूनही सर्व आया मुले तेथे ठेवीत असत असे नाही. पहाटे गर्दीतून मूल घेऊन येणे, अनोळखी बाईवर विश्वास ठेवणे आणि निरनिराळ्या जातींच्या मुलांसोबत आपले मूल ठेवणे, या अडचणी होत्याच. पाळणाघराचे यश खोलीपेक्षा तेथील आयेवर किती अवलंबून असते, याचा हा पहिला धडा होता. आयेवर विश्वास बसला तरच आई अफूची गोळी सोडण्यास तयार होई.

४. कायद्यातील खोली : १९२९ ते १९७६

ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलेले प्रसूती लाभाचे विधेयक संमत होऊ शकले नाही. मुंबई प्रांताने मात्र १९२९ मध्ये प्रसूती लाभ कायदा केला. भारतातील या स्वरूपाचा तो पहिला कायदा होय. त्यानंतर रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ च्या अहवालात पाळणाघरांची शिफारस केली आणि १९३४ च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी योग्य खोली राखून ठेवण्याबाबत नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला.

स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाना कायद्यातील कलम ४८ हे या विषयातील मध्यवर्ती कलम ठरले. पन्नासाहून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे झाले. खोली पुरेशी, उजेडाची व हवेशीर असावी, स्वच्छ राखली जावी आणि ती मुलांच्या संगोपनाचे शिक्षण घेतलेल्या स्त्रियांच्या ताब्यात असावी, असे या कलमात नमूद केले होते. मुलांचे कपडे धुण्याची व बदलण्याची सोय, मोफत दूध किंवा खाऊ आणि आईला दूध पाजण्यासाठी मधली वेळ यांविषयी राज्यांनी नियम करावेत, अशीही तरतूद होती. त्यानुसार झालेल्या नियमांत प्रत्येक मुलामागे किती जागा, पाळणा व अंथरूण, साबण, टॉवेल आणि दुधाचे प्रमाण येथपर्यंतचा तपशील आढळतो.

आरोग्याच्या दृष्टीने या तरतुदी अत्यंत विचारपूर्वक केलेल्या होत्या. दोन पाळण्यांतील अंतराने श्वासावाटे पसरणारे रोग कमी होतात. स्वतंत्र टॉवेलने खरूज व डोळ्यांचे आजार आटोक्यात राहतात. साबणाने हगवणीला आळा बसतो. अंगावर पाजण्याच्या सुटीने बाटलीच्या दुधातून होणारा संसर्ग टळतो. परंतु जागा, दूध व साबण यांची मोजदाद तपासनीसाला करता येत असे, तशी आयेच्या कौशल्याची करता येत नसे. 'शिक्षण घेतलेली स्त्री' हे शब्द कायद्यात होते. तिचा दर्जा, तिचे वेतन आणि आजारी मूल आढळल्यास तिचे अधिकार यांविषयी मात्र त्या कलमात काही नव्हते.

१९७६ च्या दुरुस्तीने पन्नासची मर्यादा तीसवर आणली. तथापि तोपर्यंत मुंबईच्या कापड गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण बरेच घटले होते. नवी यंत्रे, रात्रपाळीवरील निर्बंध आणि स्त्रियांना लागू असलेल्या सवलतींचा खर्च टाळण्याकडे मालकांचा असलेला कल, अशी त्याची विविध कारणे सांगितली जातात. कायदा विस्तारत असताना त्याच्या कक्षेतील स्त्रियाच कमी होत गेल्या. बहुसंख्य कष्टकरी स्त्रिया शेतीत, बांधकामावर आणि दुष्काळी कामांवर होत्या. तेथे ना खोली होती, ना तपासनीस.

५. बोर्डी-कोसबाड : अंगणात नेलेली बालवाडी

गिरणीतील पाळणाघर हे आईच्या कामाच्या सोयीसाठी होते. मुलाच्या वाढीसाठी संस्था उभी करण्याचा विचार मात्र शिक्षणाच्या क्षेत्रातून आला. रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये बालगृह सुरू केले. माँटेसरी स्वतः डॉक्टर होत्या; हात धुणे, दात घासणे, स्वतःची जागा पुसणे या गोष्टी त्यांच्या पद्धतीत शिक्षणाचाच भाग मानल्या गेल्या आणि मुलांची उंची व वजन यांच्या नियमित नोंदीला त्यांनी महत्त्व दिले. या विचारांचा प्रभाव घेऊन भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू केले. पुढे १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातील (सध्याच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. तेथे अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्यांच्या सहकारी झाल्या.

शहरी मध्यमवर्गासाठी घडलेली बालवाडी खेड्यातील गरीब वस्तीत जशीच्या तशी चालणार नाही, हे लवकरच स्पष्ट झाले. वस्तीतील मुले बालवाडीत येत नव्हती. तेव्हा बालवाडीच वस्तीत, मुलांच्या अंगणात नेण्याचा निर्णय झाला. यातूनच 'अंगणवाडी' ही कल्पना आणि संज्ञा रूढ झाली. साधनेही महागडी नव्हती. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांतूनच ती तयार केली गेली.

आरोग्याच्या दृष्टीने या प्रयोगाचे महत्त्व तितकेच मोठे आहे. अंगणात दिवसाची सुरुवात मुलांच्या स्वच्छतेने होई. आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे, नाक पुसणे, खरजेच्या व डोळ्यांच्या तक्रारींकडे लक्ष देणे ही कामे पाठाइतकीच महत्त्वाची मानली गेली. आंघोळ घालताना मुलाचे सारे अंग दिसते. पुरळ, गाठ, जखम, वाळलेले दंड, फुगलेले पोट हे सर्व आपोआप नजरेस येते. वैद्यकीय परिभाषेत ज्याला दैनंदिन आरोग्यतपासणी म्हणतात, ती येथे कोणतेही नाव न घेता होत होती. शिवाय ती आईच्या, आजीच्या डोळ्यांदेखत होत असल्याने घरच्या सवयींवरही तिचा परिणाम होणे शक्य होते.

१९५७ च्या सुमारास हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाड टेकडीवर, वारली आदिवासींच्या परिसरात गेले. तेथे आणखी एक प्रश्न पुढे आला. मोठी मुले गुरे राखत आणि मोठ्या मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन फिरत. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी 'विकासवाडी' आकारास आली. धाकटे भावंड पाळणाघरात ठेवून मुलगी शाळेत बसू लागली. आजारी मूल घरी ठेवले की त्याच्यापाशी प्रत्यक्षात कोण बसते, हा प्रश्न विकासवाडीने अप्रत्यक्षपणे सोडविला. ते काम आठ वर्षांच्या मुलीचे नसून जाणत्या बाईचे आहे, हे तत्त्व तिने प्रस्थापित केले. 'कोसबाडच्या टेकडीवरून' या अनुताईंच्या पुस्तकातून या कार्याचा परिचय होतो. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण व पुढे अनुताईंना पद्मश्री देऊन शासनाने या कार्याचा गौरव केला.

६. बांधकाम आणि दुष्काळी काम : फिरते पाळणाघर

१९६९ मध्ये दिल्लीत गांधी जन्मशताब्दीनिमित्त चाललेल्या बांधकामावर, धूळ आणि विटांच्या ढिगाऱ्यात मजुरांची मुले पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर सुरू केले. हेच 'मोबाइल क्रेशेस' होय. १९७२ मध्ये मुंबईत आणि पुढे पुण्यातही हे काम सुरू झाले. इमारत पूर्ण झाली की मजूर दुसऱ्या जागी जात आणि त्यांच्यामागे पाळणाघरही जाई. अशा मुलांचा ना कायमचा पत्ता असतो, ना लसीकरणाचे सलग कार्ड. त्यामुळे डॉक्टरांची नियमित भेट, पूरक आहार, लसीकरणाची नोंद आणि बालसेविकांचे प्रशिक्षण या चार बाबींवर तेथे भर दिला गेला. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कामावर सहा वर्षांखालील मुलांसाठी खोल्यांची तरतूद केली.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी स्त्रिया खडी फोडण्याच्या आणि बंधाऱ्यांच्या कामावर होत्या. झाडाच्या फांदीला बांधलेली झोळी हेच बहुतेक मुलांचे पाळणाघर होते. रोजगार हमीच्या या अनुभवाचा वारसा पुढे राष्ट्रीय पातळीवर गेला. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास मजूर स्त्रियांपैकीच एकीला मुले सांभाळण्याचे काम द्यावे व तिला मजुरी द्यावी, असे नमूद करण्यात आले. मूल सांभाळणे हे मजुरीचे काम आहे, अशी स्पष्ट मान्यता देणारी ही तरतूद ऐतिहासिकदृष्ट्या लक्षणीय आहे. मात्र पूर्वशिक्षण न मिळालेल्या स्त्रीने उन्हातान्हात आजारी मुलाचे काय करावे, याचे उत्तर तिच्यात नव्हते.

७. अंगणवाडी : लस, वजनकाटा आणि औषधपेटी

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रात आदिवासी भागातील धारणी आणि मुंबईतील धारावी ही तिची आरंभीची क्षेत्रे होत. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भ सेवा, पूर्वप्राथमिक शिक्षण आणि पोषण व आरोग्य शिक्षण या सहा सेवा एकत्र देण्यामागे शास्त्रीय आधार होता. कुपोषित मुलाला संसर्ग लवकर होतो आणि संसर्गाने कुपोषण वाढते, हे परस्परसंबंध स्क्रिमशॉ, टेलर व गॉर्डन यांच्या १९६८ च्या ग्रंथाने ठळकपणे मांडले होते. म्हणूनच खाऊ आणि लस या दोन वेगळ्या गोष्टी न मानता एकाच अंगणात आणल्या गेल्या. कोसबाडच्या प्रयोगातील 'अंगणवाडी' हा शब्द या योजनेने देशभर नेला.

याच दशकात आजार हाताळण्याच्या ज्ञानातही मोठा बदल झाला. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-साखर-सोड्याचे पाणी पाजून मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. हे पाणी प्रामुख्याने रुग्णांच्या नातेवाइकांनी पाजले होते. १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू होऊन गोवराची लस त्यात आली. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी शंभरावर गावांत केलेल्या न्यूमोनियाविषयक प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. गावातील आरोग्यसेवक आणि दाया मुलाच्या श्वासांची गती मोजून न्यूमोनिया ओळखू शकतात आणि त्यावर उपचार करू शकतात, हे त्यातून सिद्ध झाले. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या मुलाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असेल तर तो धोक्याचा इशारा, ही आज सर्वमान्य असलेली कसोटी शिकण्यास पदवी लागत नाही. हगवण आणि न्यूमोनिया या बालमृत्यूच्या दोन मोठ्या कारणांवरील पहिला उपाय अशा रीतीने डॉक्टरांच्या दवाखान्यातून मुलाजवळच्या व्यक्तीच्या हाती आला.

तरीही १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. ज्या धारणीत योजनेचा आरंभ झाला होता, त्याच परिसरातील ही घटना होती. त्यानंतर २००१ च्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने राज्यातील बालमृत्यूंची नोंद प्रत्यक्षापेक्षा कितीतरी कमी होत असल्याचे दाखवून दिले. सर्वोच्च न्यायालयाने अन्न अधिकाराच्या खटल्यात २००१ पासून अंगणवाडीसंबंधी आदेश दिले आणि १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने प्रत्येक वस्तीपर्यंत ही सेवा नेण्यास सांगितले. राज्यात २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले. पुढे ग्राम बालविकास केंद्राच्या रूपाने तीव्र कुपोषित मुलांना अंगणवाडीतच ठराविक काळ वारंवार आहार व औषधोपचार देण्याची पद्धत रूढ झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ पालघर येथे झाला. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा वैद्यकीय पथकाकडून तपासणी व्हावी, अशी त्यात योजना होती. ज्या परिसरात १९४५ मध्ये अंगणात मुलांना आंघोळ घालताना त्यांची रोजची तपासणी होत होती, तेथूनच या कार्यक्रमाचा आरंभ व्हावा, हा योग अर्थपूर्ण आहे. पथकाची तपासणी वर्षातून दोनदा होते. उरलेल्या दिवसांची तपासणी सेविकेच्याच नजरेवर राहते.

८. विवेचन : आजारी मूल आणि सेविकेचे स्थान

वरील चार टप्प्यांची तुलना केली असता काही बाबी स्पष्ट होतात. गिरणीच्या पाळणाघराने स्वच्छ जागा दिली, परंतु ते वस्तीपासून दूर होते. कोसबाडच्या अंगणवाडीने मुलाच्या घराशी नाते जोडले, परंतु ती ध्येयवादी व्यक्तींच्या श्रमांवर उभी होती. फिरत्या पाळणाघराने दिवसभराची सोय केली, परंतु त्याची व्याप्ती मर्यादित राहिली. शासकीय अंगणवाडी सर्वदूर पोहोचली, परंतु ती प्रामुख्याने दिवसातील काही तासच चालते. आईच्या मजुरीच्या पूर्ण वेळेशी तिचा मेळ बसत नाही.

आजारी मुलास केंद्रात ठेवावे की नाही, या जुन्या प्रश्नाचे उत्तर आज बरेच निश्चित झाले आहे. गोवराचे मूल पुरळ उठल्यापासून चार दिवस आणि कांजिण्यांचे मूल फोडांवर खपली धरेपर्यंत इतर मुलांपासून दूर ठेवावे लागते. उलट साध्या सर्दीत लक्षणे दिसण्यापूर्वीच संसर्ग पसरू लागत असल्याने मूल घरी पाठवून फारसे साधत नाही. हात धुणे आणि मोकळी हवा हेच तेथे उपयोगी पडते. म्हणजे सरसकट बंदीऐवजी कोणत्या मुलाला ठेवायचे, कोणाला वेगळे बसवायचे आणि कोणाला तातडीने दवाखान्यात न्यायचे, हा रोजचा निर्णय महत्त्वाचा ठरतो. हा निर्णय घेणारी व्यक्ती म्हणजे सेविका होय.

असे असता तिला मिळणारा मोबदला 'मानधन' या नावाने ओळखला गेला आणि तिचे काम स्वयंसेवेचे मानले गेले. आहार, नोंदवह्या, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे आणि विविध मोहिमा यांत तिचा वेळ वाटला जातो आणि मुलाकडे पाहण्याचा वेळ आक्रसतो. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील सेविकांच्या प्रकरणात अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. योजना सुरू झाल्यानंतर ४७ व्या वर्षी मिळालेली ही मान्यता बालआरोग्याच्या इतिहासातही नोंदविण्याजोगी आहे. सेविकेच्या कामाची प्रतिष्ठा हा केवळ कामगार-हक्काचा विषय नसून अंगणवाडीत बसलेल्या मुलाच्या प्रकृतीचाही विषय आहे.

९. निष्कर्ष

१) महाराष्ट्रात बालसंगोपन केंद्रांचा उगम आईच्या श्रमाच्या गरजेतून झाला, मुलाच्या आरोग्याचा स्वतंत्र विचार त्यात क्रमाने मिसळत गेला.

२) गिरणगावातील अफूची प्रथा ही मातांच्या अज्ञानापेक्षा संगोपन-व्यवस्थेच्या अभावाची निष्पत्ती होती. पाळणाघराचे पहिले आरोग्यविषयक कार्य म्हणजे मुलाचे रडणे ऐकणारे कोणीतरी उपलब्ध करून देणे.

३) कारखाना कायद्यांनी जागा, दूध व स्वच्छता यांचे मापदंड निश्चित केले, परंतु संगोपन करणाऱ्या स्त्रीचा दर्जा अनिश्चित ठेवला.

४) बोर्डी-कोसबाडच्या प्रयोगाने स्वच्छता, निरीक्षण व शिक्षण यांची एकात्मता प्रथम सिद्ध केली. शासकीय अंगणवाडीने तिचे नाव व आराखडा घेतला. मात्र दैनंदिन निरीक्षणासाठी लागणारी सवड सेविकेला सर्वत्र मिळू शकली नाही.

५) क्षारसंजीवनी, लसीकरण आणि श्वासगणना यांमुळे आजार हाताळण्याची क्षमता मुलाजवळच्या व्यक्तीकडे आली. या क्षमतेचा पूर्ण उपयोग होण्यासाठी सेविकेच्या प्रशिक्षणाला, वेतनाला आणि वेळेला संरक्षण मिळणे अगत्याचे आहे.

शंभर वर्षांपूर्वी डॉ. बार्न्स यांनी चाळीतील खोलीत निपचित पडलेले मूल पाहिले, तेव्हा त्याच्याजवळ कोणीही जाणते माणूस नव्हते. आज वाडी-वस्तीवरच्या अंगणवाडीत असे माणूस उभे आहे. तिच्या हाती औषधपेटी आणि वजनकाटा देऊन शासनाची जबाबदारी संपत नाही. मुलाकडे पाहण्याची सवड आणि पाहिलेल्यावर निर्णय घेण्याचा अधिकारही तिला दिला गेला, तरच या शतकभराच्या प्रयत्नांना पूर्णत्व येईल.